मला खुशाल बेकार करा

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पण मित्रांनो, म्हणून माझी कीव करू नका. माझी नजर अजून शाबूत आहे.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यातला. तिथून पेंढ्यात गुंडाळून मला रत्नागिरीच्या एका प्रयोगशाळेत आणलं. खिडकीजवळच्या टेबलावर मी उमेदीची वर्षं काढली. हिवतापाचे जंतू शोधले, क्षयाचे शोधले. रोगी बरा झाला की लोक डॉक्टरांचे पाय धरत, मला कोण विचारतो! पुढे आपोआप आकडे छापणारी यंत्रं आली आणि मी प्लॅस्टिकच्या टोपीखाली कोपऱ्यात गेलो. इथल्या तंत्रज्ञ रहिमाताई मात्र मला विसरल्या नाहीत. माझी भिंगं त्या अजूनही स्वतः पुसतात.

यंदा बुरोंडी गावची लहानगी सानवी आजारी पडली. घसा दुखे, गिळवत नसे. घरात रोज मासे, त्यामुळे तिच्या आजीला, यमुनाबाईंना, दुसरी शंकाच आली नाही. "बांगड्याचा काटा रुतलाय गो, गिळ हा गोळा," म्हणत त्या नातीला कोरडा भात आणि केळं गिळायला लावत राहिल्या. घशातला पांढरट पापुद्रा त्यांना काट्याची जखम वाटला. मान सुजली, श्वास घरघरू लागला, तेव्हा कुठे पोरीला रत्नागिरीला आणलं.

असले जंतू त्या नव्या यंत्रांना दिसत नाहीत, म्हणून तिच्या घशातला नमुना काचेवर रंगवून माझ्याखाली आला. हिरव्या काड्या, त्यांच्या टोकांना काळे ठिपके. रहिमाताईंनी लगेच ओळखलं. घटसर्प! पक्क्या तपासणीची वाट न पाहता त्यांनी डॉक्टरांना फोन केला. त्या जंतूंच्या विषावरचा उतारा बाहेरगावाहून यायचा होता. तोवर ती पोर एकेका श्वासासाठी झगडत होती, आणि एवढी मोठी नजर असून मला काहीच करता येत नव्हतं. मला माझाच भयंकर राग आला.

उतारा वेळेत आला आणि सानवी वाचली. तिचे वडील हर्षद ताजी सुरमई घेऊन आमच्या दारात आले.

"ताई, तुमच्यामुळं पोर वाचली. ही घ्या."

"धाकट्या आरोहीला लस दिलीत?"

हर्षदनी मासळी खाली ठेवली. लहानपणी लशीनंतर सानवीला ताप आला होता, म्हणून तिचे पुढचे डोस त्यांनी चुकवले होते. आरोहीला तर सुई लावूच दिली नव्हती.

"आमच्या पोरांचं आमी बघू. सक्ती कशाला?"

"आणि बालवाडीत आरोहीच्या शेजारी बसते तिचं कोण बघणार?" ताई कडाडल्या. त्यांनी हर्षदना माझ्यासमोर बसवलं, रंगवलेली काच दाखवली. "मला हा जंतू दिसतो तेव्हा तो घशात शिरलेला असतो, दादा. त्याला दारातच अडवते ती लस. म्हणून आम्ही प्रयोगशाळेतली माणसं लशीच्या सक्तीच्या नियमासाठी भांडतो, आणि भांडणारच. सुरमई परत न्या. आधी लस, मग मासे."

हर्षद बराच वेळ माझ्यातून पाहत राहिले. मग मासळी उचलून निघून गेले.

काही दिवसांनी ते पुन्हा आले. दंड चोळत, रडून डोळे लाल केलेली आरोही कडेवर होती.

"सुरमई नाय गावली ताई. बांगडे चालतील?"

ताईंनी पिशवी घेतली. "चालतील. काटे बघून खाईन."

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी 'आम्हांला जपा' म्हणतात. मी नाही म्हणणार. मला अडगळीत टाका, माझ्यावर बोटभर धूळ चढू द्या. पण त्या हिरव्या काड्या पुन्हा माझ्यासमोर आणू नका. लशीच्या दिवशी बाही वर करा, आणि मला खुशाल बेकार करा.