दोन फुटांची मोजणी

“काका, शेपटी आनखी कुरतडलीय बगा तिची.” चपला दाराशी काढता काढताच घरकामाला येणारी ललिता म्हणाली. घरात पाऊल टाकलं की आधी टाकीकडे बघायचं आणि मग चहाच्या पातेल्याकडे, असा तिचा महिनाभराचा नेमच झाला होता.

हरीभाऊ प्रधान टाकीसमोर स्टुलावर बसले होते. चष्मा कपाळावर चढवलेला, तोंडावर नाराजी. टाकीत मासे दोनच. निळा गोरामी मधोमध ऐटीत फिरत होता आणि पांढरी फिल्टरच्या नळीमागे अंग चोरून उभी होती. तिच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या.

“सकाळी दाणे टाकले. ती नुसती पुढे आली तर हा गाढव अंगावर धावला. एक दाणा मिळू दिला नाही.”

“असं ऱ्हायलं तर मरंल ती,” ललिता बोलून गेली आणि तिने जीभ चावली. हे घर त्या शब्दाला अजून सरावलं नव्हतं.

हरीभाऊंच्या पत्नी मालतीबाईंना जाऊन दहा महिने झाले होते. मुलगी सई पुण्याला. कर्जतच्या या तीन खोल्यांत मागे उरले ते हरीभाऊ आणि ही दोन फुटांची काचेची टाकी. टाकी मालतीबाईंची. मासे खायचे असतात, पाळायचे नसतात, असं हरीभाऊंचं ठाम मत; आणि शुक्रवारी बाजारातून बोंबील घेऊन येताना ते मुद्दाम पिशवी टाकीसमोर धरून माशांना दाखवत. मालतीबाई मग दिवसभर त्यांच्याशी बोलत नसत.

तेव्हा मासे तीन होते. तिसरा एक थोराड सोनेरी. निळा त्याच्या अंगावर जायचा, तोही उलटून निळ्याला ढुशी द्यायचा, आणि या दोघांच्या कुस्तीत पांढरी मजेत चरत असायची. दिवाळीनंतर सोनेरी म्हातारा होऊन गेला आणि निळ्याचा सगळा राग पांढरीवर निघू लागला. मधलं माणूस गेलं की काय होतं ते हरीभाऊंना कोणी सांगायला नको होतं. मालतीबाई गेल्यापासून त्यांचा आणि सईचा एकही फोन वादाशिवाय संपला नव्हता.

“बाबा, दुसरी टाकी घ्या ना छोटीशी,” परवाच सई म्हणाली होती.

“म्हणजे दोघांनाही एकटं पाडू?”

“असं कधी म्हटलं मी?” आणि पुढचं नेहमीचंच.

मासेवाला संतोष म्हणाला होता, निळा आणून द्या, शांत स्वभावाचा बदलून देतो. हरीभाऊ डबा घेऊन फाटकापर्यंत गेलेही, पण तिथूनच परत फिरले. निळा मालतीबाईंच्या चिमटीतून दाणा खायचा. पांढरीला त्यांनी आठ दिवस मिठाच्या पाण्यात ठेवून आजारातून उठवलं होतं. त्यातलं कोणाला देऊन टाकायचं? दोघंही तिचीच होती, आणि दोघांनाही जगवायचं, एवढंच हरीभाऊंच्या मनाने घेतलं होतं.

शेवटी त्यांनी आपलं हत्यार काढलं. चौतीस वर्षं त्यांनी कर्जत-खालापुरात सरकारी जमीनमोजणी केली होती. भाऊ भावाच्या अंगावर कोयता घेऊन धावलेला त्यांनी पाहिला होता, आणि साखळी टाकून खुणा पक्क्या केल्यावर तेच भाऊ एका बिडीवर बसलेलेही पाहिले होते. हद्द नक्की नसते म्हणून माणसं भांडतात, हे त्यांचं आयुष्यभराचं गणित. रविवारी त्यांनी टेप लावून टाकीचा बरोबर मध्य काढला आणि पांढऱ्या खड्यांचा चार बोटं उंच बांध घातला. इकडे निळा, तिकडे पांढरी. निळा पाच मिनिटं बांध न्याहाळत राहिला, मग वरून सरळ पलीकडे गेला आणि पांढरीला चावून आला.

ललिता तेव्हा पदर तोंडाला लावून हसली होती. “मासा काय बांधावरनं पायी चालतो का, काका?”

आज मात्र ती हसली नाही. चहाचा कप त्यांच्या हातात देऊन टाकीशी वाकली.

“एक सांगू? रागवू नका. आमच्या वाडीखाली व्हाळ हाय. ल्हानपनी मी हातानं मासं धरायचे. ज्या धोंड्याखाली जो मासा, त्यो तितंच. दुसरा आला का त्याला हाकलनार. पन पूर येऊन धोंडं हललं का मग कोनाचंच घर कोनाला गावत नाय. समदेच नवे. मग भांडत नायत वो. आधी जागा हुडकतात बिचारे.” तिने काचेवर बोट ठेवलं. “ह्या निळ्याचं ह्ये घर हाय, ह्या तीन धोंड्यांत. ह्येच हलवा.”

हरीभाऊंचा कप बशीवर वाजला.

“दगडांना हात लावायचा नाही.”

हा त्यांचा शेतातला आवाज होता. मोजणीच्या वेळी कोणी खुणेच्या दगडाकडे नुसता वाकला तरी हाच आवाज शिवारभर जायचा.

पण कारण तेवढंच नव्हतं, आणि ते ललितालाही ठाऊक होतं. काळा दगड पोशीर गावचा, पांढऱ्या शिरेचा कडावचा, तांबूस चौकचा. मोजणीहून येताना हरीभाऊ ओढ्यातून एखादा उचलून आणायचे. बायकोला आणलेली भेट म्हणावी तर एवढीच. टाकी आली तेव्हा मालतीबाईंनी त्यातले तीन निवडले आणि एक अख्खी दुपार, कोपरापर्यंत हात ओले करून, ते मनासारखे बसेपर्यंत हलवत राहिल्या. कपाटातल्या साड्या सईने वाटून टाकल्या होत्या, स्वयंपाकघरातले डबे ललिताने आपल्या सोयीने लावले होते. मालतीबाईंनी जिथे ठेवलं तिथेच आहे, असं घरात आता हे तीन दगडच उरले होते.

ललिता आत गेली. कुकरची शिट्टी झाली. मग ती हात पुसत परत आली आणि दारातच उभी राहिली.

“काकींनी ठेवलेत, ठावं हाय मला. मीच तवा बादलीनं पानी वतत व्हते. पन काका, धोंडं ऱ्हावं म्हनून काकींनी पांढरीला मरू दिलं असतं का? तुमीच सांगा.”

हरीभाऊंचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मग ते उठले, माळ्यावरून मोजणीचा जुना लाकडी फलक काढला, धूळ झटकली, त्यावर कागद लावला, पेन्सिलीला टोक केलं.

“टेपचं ते टोक धर,” ते म्हणाले. “नीट धर. ओढू नको.”

मग रीतसर मोजणी झाली. लांबी साठ सेंटिमीटर, रुंदी तीस. काचेपासून पोशीरचा दगड अकरा, कडावचा सतरा. कोणता कोणावर किती कलला आहे, मधल्या फटीचं तोंड कुठल्या दिशेला आहे, सगळं कागदावर उतरलं. वर उत्तरेचा बाण. निळ्याची वहिवाट तुटक रेषेने दाखवली, ती अर्थात सगळ्या टाकीभर होती. खाली मोजणीदार म्हणून स्वतःची सही, हजर असलेल्यांत ललिताची. तिने एकेक अक्षर सावकाश काढलं. “धारकाचे नाव” या रकान्यापाशी मात्र पेन्सिल थांबली.

“ते मागाहून,” हरीभाऊ म्हणाले आणि बाही वर सारली.

त्यांनी आधी आपला खड्यांचा बांध मोडला. मग पाण्यात हात घालून पोशीरचा दगड उचलला. तो इतका बुळबुळीत झाला होता की दोन्ही हातांनी धरावा लागला. पाणी गढूळ झालं. कडावचा या कोपऱ्यात, चौकचा त्या टोकाला, काळा आडवा.

गाळ बसल्यावर दिसलं, निळा आपल्या जुन्या जागी येऊन घुटमळत होता. तिथे काहीच नव्हतं. तो पुढे गेला, मागे आला, तांबूस दगडाला नाक लावून पाहिलं. पांढरी नळीमागून बाहेर आली आणि त्याच्या शेजारून गेली, तरी त्याचं लक्ष नव्हतं. हरीभाऊंनी चिमूटभर दाणे सोडले. पांढरीने एक खाल्ला, मग दुसरा.

“खाल्लं गं तिने!” हरीभाऊ ओरडलेच.

“आठ-पंधरा दिसांनी परत दादागिरी करंल त्यो,” ललिता म्हणाली.

“मग परत हलवू.”

हे आपण बोललो, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

ललिता गेल्यावर ते फलक मांडीवर घेऊन बसले. रकाना कोराच होता. मोजणीला येणाऱ्या किती माणसांना त्यांनी टेबलावरून परत पाठवलं होतं, मयताचं नाव आधी कमी करून आणा, मग बघू म्हणून. म्हाताऱ्या बायका रडायच्या, तरी ते नियम सोडायचे नाहीत. आज त्या एकेकीचा चेहरा त्यांना आठवला.

मग त्यांनी पेन्सिल बाजूला ठेवली, खिशातलं शाईचं पेन काढलं आणि रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं: सौ. मालती हरी प्रधान. आणि शाई वाळेपर्यंत कागदावर हळूहळू फुंकर घालत राहिले.