राजांनी आणलेली बाहुली

नोएलच्या तोंडात बोट घालून त्याच्या आईने, मिलेडिसने, तो सेल बाहेर काढला. शर्टाच्या बटनाएवढा चपटा सेल, लाळेने बुळबुळीत झालेला. नोएल दीड वर्षाचा, हाताला लागेल ते तोंडात घालणारा. शेजारी त्याच्या मोठ्या बहिणीची, यारिसेलची, नवी बाहुली पालथी पडली होती आणि तिच्या पाठीवरचं झाकण निघून खाटेखाली गेलं होतं. झाकणाला स्क्रू नावालाही नव्हता. नखाने उचकटलं तरी निघत होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून पोटात काही गेलेलं नाही याची खात्री केली. मग त्या मिलेडिसला म्हणाल्या, "नशीब समजा. गिळला असता तर दोन-तीन तासांत आत जळायला लागलं असतं. या आठवड्यात हे दुसरं पोर. असली खेळणी देशात येऊ कोण देतं हो?"

"तेच विचारायला जाते उद्या," मिलेडिस म्हणाली.

आणि ती म्हणाली म्हणजे जाणारच. घरच्या घरी बायकांचे केस सरळ करून देणारी ही बाई. एकदा कंगवा हातात घेतला की शेवटची बट सुटेपर्यंत सोडायची नाही. रेडिओवर तर दोन दिवस दुसरा विषयच नव्हता. बाहेरून येणारी खेळणी, बाहेरून येणारी क्रीमं, बाहेरून येणारे शॉक देणारे पंखे. लोक फोन करकरून ओरडत होते, निवेदक हळहळत होता, आणि तिकडे तांक्रेदोच्या दुकानात त्याच बाहुल्या दारातच, अर्ध्या किमतीला, ढीग लावून ठेवलेल्या. तीन राजांचा सण, पोरांना भेटी मिळायचा दिवस, नुकताच होऊन गेला होता ना, उरलेला माल खपवायला नको?

दुसऱ्या दिवशी आधी ती तिथेच गेली.

"ताई, ही माझ्याकडचीच कशावरून?" तांक्रेदो गोड आवाजात म्हणाला. "अख्ख्या सांतियागो शहरात ह्या बाहुल्या आहेत. खोका आणा, पैसे परत घेऊन जा. आपला काय झगडा आहे का?"

"पैसे नकोत मला. तो ढीग उचल तिथून."

"सरकारी ऑफिसातून कागद आला की उचलतो. मी काय कारखाना काढलाय? कंटेनर येतो, मी विकतो."

"माझं पोर मरता मरता वाचलं, तांक्रेदो."

"देवाची कृपा," तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बाहुलीचं गाणं वाजवून दाखवायला लागला. मिलेडिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खोका आणणं तिच्या हातात नव्हतं.

कारण खोका तिने जाळला होता. आमच्या वस्तीत सगळ्याच आया जाळतात. जानेवारीच्या पाच तारखेला मुलं राजांच्या उंटांसाठी गवत खुडायला गेली की परसात एकेकीची शेकोटी पेटते. खोके, चिकटपट्ट्या, किमतीची लेबलं, सगळं स्वाहा. मुलांच्या लेखी राजे त्या रात्री पूर्वेकडून उंटांवर बसून भेटी घेऊन येतात, त्यांच्या भेटीवर दुकानाचं लेबल कसं असेल? गेल्या वर्षी शेजारच्या कासिल्दाच्या पोराला त्याच्या मोटारीखाली तांक्रेदोच्या दुकानाचा कागद चिकटलेला सापडला, आणि गल्लीभर रडारड झाली. तेव्हापासून बायका जास्तच जपून वागायला लागल्या. मिलेडिसने तर बाहुलीच्या तळपायावरचा छापसुद्धा नेलपॉलिश काढायच्या औषधाने घासून काढला होता, आणि वर स्वतःचं कौतुकही करून घेतलं होतं.

ग्राहकांच्या तक्रारींच्या ऑफिसात ती गेली तेव्हा नोएलला सासूकडे ठेवलं होतं, पण यारिसेलला आणावंच लागलं. सात वर्षांची ती पोरगी बाहुली हातातून सोडायलाच तयार नव्हती. बाहुली आजारी आहे, तिला दाखवायला न्यायचंय, असं सांगून मिलेडिसने तिला आणलं होतं. कासिल्दाही पोराला घेऊन तक्रार करायला सोबत आली होती. रांगेत पाहावं तर त्यांच्यासारख्याच आया, त्यांच्यासारखीच पोरं, आणि प्रत्येकाच्या काखेत तीच पिवळ्या केसांची बाहुली.

टेबलामागचे पेगेरो साहेब घामाघूम झाले होते. "आयात कोणी केली? खोक्यावर नाव असतं, नंबर असतो."

"खोका नाहीये."

"कुठे गेला?"

मिलेडिसने यारिसेलकडे पाहिलं आणि साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. "कळलं. सकाळपासून एकीकडेही नाही." मग जरा खाली वाकून हळूच म्हणाले, "आमच्या घरीही नाही."

"मग आता?"

"दुकान सांगा. दुकान कळलं तर तपासणीला माणूस पाठवता येतो. मात्र जबाब तोंडी द्यायचा, या मशीनवर. विकत कोणी घेतली, कुठून घेतली, स्पष्ट बोलायचं. कुजबुज चालत नाही, परत पाठवतात वरून."

इथेच सगळं अडत होतं. पुढच्या दोघीजणी इथूनच माघारी गेल्या होत्या. कासिल्दाने तर आपल्या पोराचा हात धरून दाराकडे पाऊलही टाकलं. "मी नाही बाई बोलणार पोरासमोर," ती मिलेडिसच्या कानाशी म्हणाली. "गेल्या वर्षी कसंबसं सावरलंय. बाहुली टाकून दे कचऱ्यात आणि चल घरी."

"माझी टाकेन गं. त्या ढिगातल्यांचं काय?"

"त्यांचं सरकार बघेल."

"बघतंय की. दिसतंय ना बघताना."

मिलेडिसने यारिसेलला बाहेर पाठवून पाहिलं. पाणी पिऊन ये, कासिल्दामावशीबरोबर बस जा. पण बाहुली टेबलावर राहणार म्हटल्यावर पोरगी टेबलाच्या कडेला चिकटली ती चिकटलीच. मागून रांग कुरकुरायला लागली. साहेबांनी मशीनचं बटन दाबून ठेवलं होतं. मिलेडिसला चीड आली ती नक्की कोणाची, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. कालचं नोएलचं तोंड तिला दिसत होतं, आपल्याच बोटाने उघडलेलं.

"ही बाहुली मी विकत घेतली," ती म्हणाली. आवाज खणखणीत निघाला. "मी स्वतः. तांक्रेदोच्या दुकानातून. पाच तारखेच्या आधी."

यारिसेलने टेबलाची कड सोडली.

साहेबांनी बाहुलीला चिठ्ठी बांधली आणि ती मागच्या फडताळात ठेवून दिली. "पाठवतो माणूस. या महिन्यात नाही जमलं तर पुढच्या. आणि हो, खोका नाही म्हणजे तो दुकानवाला म्हणणार माझा माल नाही. तरी बघू."

"मग एवढं बोलून मिळवलं काय मी?"

"तक्रार दाखल झाली, बाई," ते म्हणाले, आणि खरंच त्यांना वाईट वाटत होतं. त्याचा उपयोग शून्य.

घरी परतताना रस्ता तांक्रेदोच्या दुकानावरूनच होता. ढीग सकाळपेक्षा लहान झाला होता. मिलेडिस दारात उभी राहिली आणि बाहुली हातात घेतलेल्या एका बाईला म्हणाली, "घेऊ नका, सेल सुटून पडतो, माझ्या पोराच्या तोंडात गेला होता." बाईने बाहुली पालथी केली, झाकण अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाली, "आम्ही चिकटपट्टी लावू." आणि पैसे द्यायला आत गेली.

चौकातल्या तळलेल्या केळ्यांच्या गाडीपाशी मिलेडिसने यारिसेलला विचारलं, "खाणार?" यारिसेल म्हणाली, "तूच आणलीस ती."

"हो."

"सेल सुटतो हे दुकानात बघितलं नाहीस?"

मिलेडिसच्या ओठांवर बरंच काही आलं. बंदरावर कोणी बघितलं नाही, कस्टमवाल्यांनी बघितलं नाही, तांक्रेदोने बघितलं नाही, मग माझ्याच डोक्यावर का? पण सात वर्षांच्या पोरीला हे काय सांगायचं. तिने स्वतः झगा निरखला होता, गाणं दोनदा वाजवून घेतलं होतं, घासाघीस करून किंमत उतरवली होती. बाहुली पालथी करून बघायचं तिला सुचलंच नव्हतं.

"नाही बघितलं," ती म्हणाली.

यारिसेलने आईच्या हातातून आपला हात काढून घेतला.

"राजांनी बघितलं असतं," ती म्हणाली.