पाचवं घर

लिंतांगची बकरी वाळत चालली होती. बकरी फोनमधली. भागाकाराच्या सरावाची ती फुकट साइट शाळेतल्या बाईंनी सांगितली होती: उत्तर बरोबर आलं की बकरीला पाला, चुकलं की उपास. लिंतांग शाळेत जाई तेव्हा फोन घरीच असे, आणि रोज दुपारी तिच्या नावावर कुणीतरी बसून बिचारीला उपाशी मारत होतं.

घरात विचारायची सोय नव्हती. विगातीताईचं लग्न फिसकटल्यापासून सगळ्यांची तोंडं सुतकी. म्बाहनी, म्हणजे आजोबांनीच ते मोडलं होतं. तिचे आणि होणाऱ्या नवऱ्याचे, बागासचे जन्मवाराचे आकडे मिळवले, पंचवीस आले, पाचाने भागले आणि नकाराची मान हलवली. अख्ख्या गावाची लग्नं त्यांच्या बोटांवर ठरत. नातीसाठी वेगळा नियम कुठून आणणार?

शेवटी लिंतांग चुकाच तपासत बसली. सतरा भागिले पाच, बाकी दोन: बरोबर. तेवीस भागिले चार, बाकी तीन: हेही बरोबर. पण वीस भागिले पाच, बाकी पाच! अठ्ठावीस भागिले सात, बाकी सात! भाग पुरा गेला की घोटाळा. असं गणित करतं तरी कोण?

आणि एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला. समृद्धी, मान, कोठार, आजार, मरण अशी पाच घरं बोटांवर मोजणारं घरात एकच माणूस होतं. बाकी एक तर पहिलं घर, दोन तर दुसरं; आणि भाग पुरा गेला की पाचवं, मरणाचं घर.

दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय असं खोटंच सांगून ती शाळेतून लवकर घरी आली. ओसरीवर म्बाह फोन नाकाला लावून बसले होते.

"म्बाह! माझी बकरी मारताय होय?"

म्बाह चपापले. "तुझी बकरीच अडाणी. वीसला पाच उरतात म्हटलं, तर चूक म्हणते."

"अहो, तिथे बाकी शून्य."

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे काही उरतच नाही."

"मरणसुद्धा नाही?"

लिंतांगला भरून आलं. म्हातारा इतके दिवस ताईसाठी पळवाट शोधत होता तर!

"पंचवीस भागिले पाच हे गणित येतंय का बघत होतो," म्बाह हळूच म्हणाले. "येतच नाही मेलं."

"आलं तरी शून्यच, म्बाह."

मग त्यांची बोटं पुन्हा हलू लागली.

"आता काय मोजताय?"

"पाचव्या घरावरून परत पाठवलेली जोडपी." त्यांनी फोन बाजूला ठेवला. "विगातीला हाक मार, पोरी. एक जोडपं तरी अजून हातात आहे."