कपाट नको

पक्षाघातानंतर सरांचं बोलणं सुधारायला येणाऱ्या थेरपिस्टने पलंगावर नवं कार्ड ठेवलं. सरांनी ते डाव्या हाताने जवळ ओढलं. चित्र पेल्याचं होतं.

"हे काय आहे, सर?"

"चप्पल," सर ठामपणे म्हणाले.

दाराशी चादरींच्या घड्या घालत बसलेल्या काकूंना हसू आलं. "सकाळीही म्हणाले, चप्पल दे. मी खुळ्यासारखी पायात सरकवायला गेले."

थेरपिस्टने वहीची मागची पानं चाळली. "काकू, गेल्या आठवड्यातही पेल्याला चप्पलच म्हणाले होते. औषधाला छत्री, डॉक्टरांना पोस्टमन. एकदाही बदल नाही. असं क्वचित होतं. शब्द हरवले नाहीत त्यांचे, जागा बदलून बसलेत. आपण नवी यादी पाठ केली की झालं."

सरांनी तीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं होतं. शब्दाचा अर्थ डोक्यात नसतो, शब्दकोशातही नसतो, तो माणसामाणसांतल्या देवघेवीत असतो. एकट्याची भाषा ही भाषाच नव्हे, असं ते वर्गात सांगत आणि घरी जेवतानाही ऐकवत. त्यावर काकूंचं उत्तर ठरलेलं असे. "असेल. पण नळ गळतोय याचा अर्थ प्लंबरला फोन करा." सर मोठ्याने हसत आणि म्हणत, पोरांना वर्षभर जे कळत नाही ते हिला न वाचता कळलं.

"आणि ते कपाटाचं?" थेरपिस्टने विचारलं. "अजून म्हणतात?"

म्हणत होते. तीन आठवडे सरांनी एकच घोशा लावला होता, कपाट नको. म्हणताना डोळे विस्फारायचे, कपाळावर घाम यायचा. काकूंनी हमाल बोलावून खोलीतलं लोखंडी कपाट बाहेरच्या पॅसेजमध्ये काढलं. "उद्या दादा छत नको म्हणाला तर काय कराल, वहिनी?" असं म्हणून दीर हसले होते. कपाट गेलं, घोशा राहिला.

दिवा झाला, टॉवेल झाला, खुर्ची झाली. मग थेरपिस्टने उशीचं चित्र ठेवलं.

सरांचा हात मागे सरकला. "कपाट."

"उशी होय," थेरपिस्ट लिहिता लिहिता म्हणाली. "एवढंच होतं तर. उंच होत असेल, नाहीतर टोचत असेल. पातळ उशी द्या काकू, सुटला प्रश्न."

काकूंच्या हातातली चादर घडीवर घडी पडून लहान होत गेली.

तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या दुपारी त्यांनी पहाटेपासून चौथ्यांदा चादर बदलली होती. सर डोळे मिटून पडले होते, घशात घरघर चालू होती. काकूंनी खाली पडलेली उशी उचलली. ती डोक्याखाली सरकवायची, ते सोडून दोन्ही हातांत धरून त्या सरांच्या चेहऱ्यावर ओणवल्या. किती वेळ, ते त्यांना सांगता आलं नसतं. कापड सरांच्या नाकाला लागलं असेल, नसेल. खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला. काकूंनी उशी जागेवर ठेवली, आत जाऊन तोंड धुतलं आणि चहा टाकला. सर झोपलेत, असंच त्या धरून चालल्या होत्या.

"काकू? देताय ना पातळ उशी?"

"देते."

सर आता थेरपिस्टकडे बघत होते. ओठ जुळवायला त्यांना वेळ लागला. "खिडकी," ते म्हणाले. "खिडकी. कपाट. नको."

"खिडकी नवीन दिसतंय." थेरपिस्टचं पेन थांबलं. "घरात कशाला म्हणतात खिडकी?"

शुद्धीवर आल्या दिवसापासून सर काकूंना खिडकी म्हणत होते. तहान लागली, कूस बदलायची असली, की आतून हाक यायची, खिडकी, आणि काकू "आले" म्हणून उठायच्या. एरवी घरात दोघंच. हा शब्द तिसऱ्या कुणाच्या कानावर गेला नव्हता.

"वारा," काकू म्हणाल्या. "वारा लागला की म्हणतात. उशीपाशी गार वारा येतो ना त्यांच्या."

थेरपिस्टने यादीत तसं लिहून घेतलं. तिचं पेन उचललं जाईपर्यंत सर त्याच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

निघताना थेरपिस्टने कार्डांना रबर लावलं. "पुढच्या वेळी माणसं घेऊ. फोटो काढून ठेवा, भाऊ, भाचे, जुने विद्यार्थी. तुमचा नसला तरी चालेल. तुम्हाला तर ओळखतातच."

"हो," काकू म्हणाल्या. "मला ओळखतात ते."

थेरपिस्टची पावलं जिन्यावरून खाली खाली जात विरली. काकू कडीवर हात ठेवून बराच वेळ दाराशीच उभ्या राहिल्या. आत सर जागे होते.