तुळशीपाशी ठेवलेला कॅमेरा

मी सविताचा कॅमेरा बोलतोय. आमच्या फोटोच्या दुकानाच्या पाटीवर नाव तिच्या नवऱ्याचं, रविराजचं आहे, पावतीही त्याच्याच नावाची होती. पण माझा पट्टा ज्या गळ्यात पडायचा तो सविताचा. नगरहून मला आणलं त्या दिवशी एसटीत तिनं मला खोक्यासकट मांडीवर घेतलं होतं आणि मिरजगाव येईपर्यंत खाली ठेवलं नाही.

ती दोघं नवरा-बायको मिळून लग्नाचे फोटो काढायची. स्टेज रविराजकडे, बायकांची बाजू सविताकडे. हळद, बांगड्या, रुखवत, नवरीची वेणी, हे सगळं माझ्या वाट्याला यायचं. कोणता फोटो कधी घ्यायचा हेही सविताच ठरवायची. पत्रिकेवर मुहूर्त काही का छापलेला असेना, मारुतीच्या देवळापासून नवरदेव मांडवात यायला किती वेळ लागेल, हे ती नाचणाऱ्यांकडे बघून ओळखायची. "घरच्यांचे फोटो अक्षतांच्या आधी उरकून घ्या," ती रविराजला बजावायची. "नंतर माणसं पांगतात, आन् नवरीची आई तर सापडतच न्हाई."

मग सविताच्या किडन्या गेल्या. पुण्याच्या खेपा झाल्या, आणि एक दिवस त्या खेपाही थांबल्या. दुकानाचं शटर बरेच दिवस उघडलं नाही. उघडल्यावर रविराजनं मला मऊ फडक्यानं पुसलं, बॅगेत घातलं आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. विकलं नाही, वापरलंही नाही. व्हिडिओसाठी करण नावाचा एक जण त्याच्याबरोबर जायला लागला; त्याचं स्वतःचं मशीन होतं. मला वाटायचं, कधीतरी बॅगेची चेन उघडेल. दोन वर्षं ती उघडली नाही. खाली गिऱ्हाइकं यायची, हसायची, तारखा ठरवायची, आणि रविराज एकटाच दुपारचा डबा खायचा. त्याच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज मला वर ऐकू यायचा.

यंदाच्या उन्हाळ्यात निकिता दुकानात आली. नगरला एका दवाखान्यात नर्स आहे ती. स्वतःच्या लग्नाच्या फोटोंचं ठरवायला एकटीच आली होती.

"मुहूर्त बारा पस्तीसचा आहे, दादा," ती म्हणाली.

"पाव्हणे कुठले?"

"राहात्याचे."

"मग अक्षता दोनला धरा," रविराज म्हणाला. "उन्हात दोघांचे फोटो चांगले यायचे न्हाईत. ते हळदीच्या दिवशी संध्याकाळी घेऊ. अक्षतांना मी आन् करण, दोघंबी स्टेजवर."

निकिता म्हणाली, "दादा, त्या वेळेला माझ्या आईपाशी कुणीतरी हवंय."

आमच्याकडे अक्षता पडताना नवरीच्या आईनं बघायचं नसतं. मांडवाकडे पाठ करून ती तुळशीपाशी जाऊन बसते. लेकीच्या लग्नाला सगळा गाव हजर असतो, तेवढ्या घटकेला आई तेवढी नसते.

"मी तिला म्हटलं, तू ये स्टेजवर, काही होत नाही. ती ऐकत नाही," निकिता सांगत होती. "वडील गेल्यापासून ती तशीही कुठल्या कार्यात पुढं येत नाही. कन्यादान छगनकाका करणार. मला नंतर बघायचंय दादा, ती तेव्हा काय करत होती."

"घरातलं कुणी बसंल की तिथं."

"अक्षता सोडून कोण बसतंय?"

ती गेल्यावर रविराजनं स्टूल ओढलं, वर चढला आणि बॅगेची चेन उघडली. उजेड एकदम अंगावर आला. माझी बॅटरी त्यानं चार्जिंगला लावली आणि सविताचा अंगठा जिथं टेकायचा तिथं, झिजून गुळगुळीत झालेल्या रबरावर, आपला अंगठा टेकवून उभा राहिला.

लग्न हायवेकडेच्या एका मंगल कार्यालयात होतं. तुळशीवृंदावन पार मागच्या अंगाला, आचाऱ्यांच्या भट्टीच्या पलीकडे. रविराजनं मला स्टँडवर चढवलं, समोर एक खुर्ची मांडली आणि निकिताच्या आईला, झुंबरबाईंना, घेऊन आला. नवं नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, हातात अक्षतांची वाटी.

"मावशी, मंगलाष्टकं सुरू झाली की हे बटण एकदा दाबायचं. एकदाच. मग हितं बसायचं, बास. मला स्टेजवरून येता यायचं न्हाई."

"माझ्या हातानं काय मोडलं म्हंजी?"

"काय मोडत न्हाई. माझी बायको ह्याला बारा वर्षं वापरायची."

"मंग त्या बाईलाच बोलवायचं की."

"ती न्हाई आता," रविराज म्हणाला आणि स्टेजकडे निघून गेला.

राहात्याचे पाहुणे उशिराच आले. मग डीजे, मग नाच. पत्रिकेवरची वेळ टळून गेली. आम्ही दोघं तुळशीपाशी वाट बघत होतो. आचारी पातेली ओढत होते, पाण्याचा टँकर मागं घेत होते. आमच्याकडे कुणी बघितलं नाही. झुंबरबाईंनी मधेच उठून तुळशीला तांब्याभर पाणी घातलं. माझ्यावर ऊन आलं तसं त्यांनी माझ्या डोक्यावर आपला रुमाल टाकला.

अखेर डीजे थांबला आणि कर्ण्यातून पहिलं मंगलाष्टक ऐकू आलं. झुंबरबाई लगबगीनं उठल्या, रुमाल काढला, पदराला बोट पुसलं आणि बटण दाबलं. माझा लाल ठिपका लागला. त्या माझ्या भिंगावर वाकल्या. "झालं का रं चालू?"

मला होय म्हणता आलं असतं तर!

काहीच आवाज आला नाही म्हणून त्यांना वाटलं, चालू झालंच नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. ठिपका विझला.

"आत्ता झालं बग," त्या म्हणाल्या आणि समाधानानं खुर्चीत बसल्या.

नंतरचं सगळं मी पाहिलं, पण माझ्यात ते उरलं नाही. कॅमेऱ्याला नुसतं पाहता येतं. ठेवायला कुणाला तरी बटण दाबावं लागतं.

झुंबरबाईंनी मांडवाकडे पाठ केली होती, तोंड माझ्याकडे. सुरुवातीला नुसत्या बसल्या. मग खाली बघत बोलायला लागल्या.

"निके, मी हितं हाय बग. लांब न्हाई. तू झाली तवा आमी श्रीगोंद्याकडं ऊस तोडायला हुतो. तुला झोळीत टाकून मी फडात शिरायची. तू रडायची, आन् मला ऐकू यायचं. मोळ्या बांधायच्या राहिल्या की मुकादम वरडायचा, तवा उठता यायचं न्हाई. नुसतं ऐकायची. लई वाटायचं, जावं आन् उचलावं." कर्ण्यातून 'सावधान' आलं. त्यांनी तिकडे कान दिला. "आज बी तसंच हाय बग. ऐकू येतंय, आन् उठता येत न्हाई. पर तवा तू रडत हुती. आज न्हाई. आज तू हसत असशील."

शेवटचं 'सावधान' झालं आणि ताशा कडाडला. झुंबरबाईंनी तुळशीवर अक्षता टाकल्या. वाटीत थोड्या राहिल्या होत्या, त्या माझ्यावर टाकल्या. "घे बाबा. तुला बी एकट्यालाच बसवलं हितं."

एवढ्यात छगन धावत आला. "वहिनी, चला लवकर! पोरगी पाया पडायची थांबलीय." त्या उठल्या, तोंड पुसलं आणि गेल्या. खुर्ची रिकामी. भट्टीवरचा धूर माझ्यावरून जात राहिला.

रविराजनं दुकानात माझं कार्ड लावलं तेव्हा त्यात एवढंच निघालं: झुंबरबाईंचं मोठ्ठं नाक, काळजीत पडलेले डोळे, आणि "झालं का रं चालू?" पुढं काही नाही. त्यानं पुन्हा पुन्हा शोधलं. मग डोकं धरून बसला.

निकिता नवऱ्याला, सुनीलला, घेऊन अल्बमचे फोटो निवडायला आली. रविराजनं खरं ते सांगितलं. "ताई, मावशींनी बटण दोनदा दाबलं. माझी चूक. मी कुणाला तरी बसवायला पाहिजे हुतं."

तिनं तो तुकडा पाहिला. आधी खळखळून हसली. "परत लावा," म्हणाली. तिसऱ्यांदा लावल्यावर हसली नाही. तिनं तिथूनच आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, अक्षता पडत होत्या तेव्हा तू काय करत होतीस?"

"आता मला काय इचारती?" झुंबरबाई पलीकडून म्हणाल्या. आवाजात लाज होती आणि आनंदही. "समदं त्या मशीनीत बोललीय मी. तू बगितलं न्हवं?"

निकितानं रविराजकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हो आई," ती म्हणाली. "बघितलं सगळं."

"मंग झालं तर. मला परत बोलता यायचं न्हाई ते." आणि फोन ठेवला.

सुनीलनं निकिताच्या पाठीवर हात ठेवला.

आता मी पुन्हा वरच्या फळीवर आहे. रविराजनं ह्या वेळी मला बॅगेत घातलं नाही, उघडंच ठेवलंय, एवढा फरक. खाली लग्नांचं ठरतं. हळद किती वाजता, वरात किती वाजता, कॅमेरा कुठे, हे सगळं माणसं बारकाईनं ठरवतात. नवरीच्या आईपाशी कोण बसणार, हे रविराज आता स्वतःहून विचारतो. बरेच जण हसतात आणि म्हणतात, बघू. तुम्ही तरी हसू नका. तिथं मला ठेवू नका, माणूस बसवा. बाई बोलायला लागली तर तिला 'हूं' म्हणता येईल असा.

आणि माझं स्वतःचं एक मागणं आहे. झुंबरबाईंचं बोलणं मी एकट्यानं ऐकलं, आता तुम्हीही ऐकलंत. नगरच्या दवाखान्यात निकिता नावाची नर्स कधी भेटली, तर तिला एवढं सांगा: फोनवर नको, गावी जा, आईच्या शेजारी बस, आणि खोटं बोलले होते म्हणून सांग. ती रागावेल. मग बोलेल.