बायनाबाईचा कागद

बुधवारी तीन वाजले की शीला सिस्टरचं डोकं दुखायला लागायचं, आणि का दुखू नये? रुग्णालयातल्या सगळ्या सिस्टर-ब्रदरना ईसीजी वाचायला शिकवायचं काम वरून तिच्या गळ्यात पडलेलं. आणि शिकणारे तरी कसे? बजरंग ब्रदर बाजाराची पिशवी काखेत मारूनच वर्गाला यायचा. बुधवार बाजाराचा, त्यामुळं त्याचा अर्धा जीव वांग्यांत. धम्मशीला सिस्टर हजेरीवर सही ठोकायची आणि चहाच्या वाटेकडं डोळे लावून बसायची. राहिली वैष्णवी, दोन महिन्यांपूर्वी लागलेली वालूरची पोरगी. ती सगळं लिहून घ्यायची, पण तोंड उघडेल तर शपथ.

"सांगा, काय दिसायलंय?" म्हणून शीला सिस्टरनं कागद पुढं धरला की सगळ्यांची नजर आधी वरच्या कडेला. तिथं मशीन आपलं मत इंग्रजीत छापतं. "नॉर्मल हाय सिस्टर," बजरंग म्हणायचा. खालच्या रेघांकडं ढुंकूनसुद्धा बघायचा नाही. अरे, मशीनलाच सगळं कळत असतं तर सरकार तुला पगार कशाला देतंय?

मागच्या वर्षी हेच तर झालं होतं. मेंढरं राखणारा उमाजी छातीत दाबायलंय म्हणून आला. मशीननं नॉर्मल छापलं, ड्युटीवरच्यांनी तेवढंच वाचलं आणि गॅसचं इंजेक्शन देऊन त्याला लावून दिलं. पेडगावच्या अलीकडं, आपल्याच मेंढरांत तो पडला तो उठलाच नाही. शीला त्या दिवशी रजेवर होती. नंतर तिनं तो कागद पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. आंधळ्यालाही दिसावा असा अटॅक होता त्या रेघांत. तेव्हापासून तिनं मनाशी एकच धरलं होतं, की असा माणूस ईसीजीच्या खोलीतून परत घरी जाऊ द्यायचा नाही. म्हणून वर्गात कागद निघाला रे निघाला की ती कात्रीनं वरची पट्टी कापायची आणि न बघता केराच्या डब्यात टाकायची. "हं, आता वाचा!"

सरावाला दर बुधवारी कोण मिळणार? तर बायनाबाई. बायनाबाई म्हणजे रुग्णालयातली आया, रिटायर व्हायला दीड वर्ष उरलेलं. बाकीच्या बायकांनी पदर घट्ट धरून नको म्हटलं. हिनं फक्त विचारलं, "शॉक तर देत न्हाई ना ते?" आणि टेबलावर आडवी झाली. पुढं दर बुधवारी तीच. आठ आठवड्यांचे आठ कागद वैष्णवीनं तारखा टाकून वहीत चिकटवले होते, सगळे एकासारखे एक. वर्गाला ते इतके पाठ झाले होते की कुणी आता बघायचंही नाही.

त्या बुधवारी बायनाबाई वीस मिनिटं उशिरा आली.

"कुठं होतीस मावशी? सगळे खोळंबलेत!"

"सकाळधरनं जळायलंय बघा शिस्टर." तिनं बेंबीच्या वर हात फिरवला. "घाम बी लय सुटलाय."

"मग ठेचा कमी खात जा. झोप आता पटकन."

बाई झोपली. वैष्णवीनं जेली लावली, हातापायाला चिमटे लावले, छातीवर रबरी गोळे बसवले. कागद निघाला, कात्री चालली, पट्टी डब्यात गेली.

"बजरंग, वाच."

"बायनाबाईचाच हाय की," बजरंग खिडकीतून बाजाराकडं बघत म्हणाला. "नॉर्मल."

"धम्मशीला?"

"नॉर्मल, सिस्टर."

शीलानं कागद ओढून घेतला आणि तिचं डोकंच फिरलं. कशाचं नॉर्मल? दुसऱ्या, तिसऱ्या आणि पायाच्या लीडमध्ये, म्हणजे हृदयाची खालची बाजू दाखवणाऱ्या तीन ओळींत, रेघ बैलाच्या वशिंडासारखी वर आलेली. बायनाबाईच्या कागदात असं कधीच नव्हतं, म्हणजे तारांचीच अदलाबदल झालेली. दोन महिने घसा फोडून तारा कुठं लावायच्या तेच सांगितलं, आणि हे फळ!

"वैष्णवी, हाताची तार पायाला लावलीस ना? काढ. परत लाव."

वैष्णवीनं काढल्या, परत लावल्या. दुसरा कागद निघाला, त्याचीही पट्टी डब्यात गेली. रेघा जशाच्या तशा.

"लक्ष कुठंय गं तुझं?"

"शिस्टर, मळमळायलंय मला," टेबलावरून आवाज आला.

"मावशी, तू हलू नकोस गं! तू हलतीस म्हणून हे सगळं बिघडायलंय."

वैष्णवीनं वही उघडली. मागच्या बुधवारचा कागद आजच्या कागदाशेजारी ठेवला. मग तिनं वर्गात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"तारा बरोबर हायेत सिस्टर. दोनदा बघितल्या मी. मागच्या बुधवारी मावशीचं असं नव्हतं."

शीलानं दोन्ही कागद पाहिले. मग बायनाबाईकडं पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिलं. ओठावर घामाचे थेंब होते आणि चेहरा राखेसारखा पडला होता.

"बजरंग, टाक ती पिशवी! नागनाथ डॉक्टरांना बोलव, पळ! धम्मशीला, एकशेआठला फोन लाव!"

बजरंग पळाला, आणि खरोखर पळाला. डॉक्टर आले. त्यांनी आस्पिरिनच्या गोळ्या चावायला दिल्या, कागदाचा फोटो परभणीच्या हृदयाच्या डॉक्टरांना पाठवला, तिकडून होकार येताच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरू केलं. "लय कडू हाय हो," बायनाबाई गोळी चावत पुटपुटली. "मुकाट्यानं खा," शीला ओरडली, आणि तिचा हात काही केल्या सोडेना. तासाभरात ॲम्ब्युलन्स परभणीच्या रस्त्याला लागली.

रिकाम्या खोलीत शीला खाली बसली आणि केराचा डबा तिनं फरशीवर उलटा केला. जेली पुसलेल्या कापसातून दोन पट्ट्या निघाल्या. दोन्हींवर मशीननं मोठ्या अक्षरांत छापलं होतं, हार्ट अटॅकची शक्यता, ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. म्हणजे मशीननं सांगितलं होतं. मावशीनं तर आल्याआल्याच सांगितलं होतं. आणि आपण? ठेचा कमी खा म्हणालो! अकरा मिनिटं ती बाई आपल्यापुढं झोपून होती आणि आपण पोरीवर खेकसत बसलो. बजरंगला नावं ठेवायला तोंड कुठं राहिलं आता? शीला ढसाढसा रडली.

पुढच्या बुधवारी परभणीहून फोन आला. बायनाबाई वॉर्डात फिरायला लागली होती आणि दवाखान्याच्या आळणी वरणावरून भांडायलाही लागली होती. शीलानं फोन ठेवला, चप्पल काढली आणि स्वतःच टेबलावर जाऊन झोपली. तिघं एकमेकांकडं बघायला लागले.

"बघता काय? लावा तारा."

वैष्णवीनं लावल्या. कागद निघाला. धम्मशीलानं सवयीनं कात्री उचलली.

"ठेव ती. अख्खा वाचा."

कागद बजरंगच्या हातात आला. "नॉर्म..." म्हणता म्हणता तो थांबला. काखेतली पिशवी त्यानं खाली ठेवली आणि एकेका रेघेवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेला. मग कागद बाजूला ठेवून तो टेबलाजवळ आला.

"सिस्टर, तुमाला कुठं दुखायलंय का? घाम, जळजळ, काई?"

दोन महिन्यांत हा प्रश्न त्या टेबलावर झोपलेल्या बाईला कुणी विचारला नव्हता. शीलानंही शिकवला नव्हता. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"न्हाई रे," ती म्हणाली. "पण रोज विचारत जा."