सदाफुलीची चहाडी

मानेतल्या कर्करोगाच्या गाठी औषधाने विरत गेल्या आणि शिंप्याला पुन्हा दुकानात बसावंसं वाटू लागलं, त्याच सुमारास त्याच्या बोटांची टोकं बधिर झाली. हातातलं कापड रेशमी की सुती, हे आता डोळ्यांना विचारावं लागे. त्याने ते कुणालाच सांगितलं नाही.

कारण मोठं भाबडं होतं. शिरेतून मिळणारं त्याचं औषध म्हणजे सदाफुलीच्या पाल्यातला एक अल्कलॉइड, म्हणजे विषारी अर्क. गाडीभर पाल्यातून जेमतेम चिमूटभर निघतो, पानं कुरतडणाऱ्या किड्यांना दूर ठेवायला झाड तो बनवतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तेव्हापासून दुकानाच्या पायरीवरच्या सदाफुलीपाशी तो किंचित नमूनच आत जाई. बोटं तिच्याच औषधाने बधिरली, हे त्याने ताडलं होतं; पण जिने मरणाच्या दारातून ओढून आणलं, तिची चहाडी कोणत्या तोंडाने करायची?

"किड्यांवरचं औषध तुम्हाला लागू पडलं," बायको हसली होती, "म्हणजे माझी आई तुम्हाला ओळखूनच होती."

एका दुपारी तो पांढऱ्या सदऱ्याला काजं करत होता. बायकोने पाहिलं, तर कापडावर लाल ठिपके उमटलेले. सुई बोटात रुतून बसली होती आणि तो शांतपणे पुढचा टाका शोधत होता. तिने सुई उपटली, बोटाला चिंधी बांधली आणि पुढच्या खेपेला त्याच्यासोबत दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी काही त्रास आहे का विचारलं. तो नेहमीसारखा नाही म्हणणार, तोच बायकोने त्याचा हात उचलून टेबलावर ठेवला.

बाईंनी बोटं तपासली. पेशी दुभंगताना आत बारीक दोर विणते, हे औषध ते विणू देत नाही, म्हणून गाठ खुंटते. पण नसांनाही तसलेच दोर लागतात, असं त्यांनी समजावलं. उरलेल्या खेपांत मात्रा कमी करता येईल, बोटं बहुधा हळूहळू जागी होतील. मात्र लपवत राहिलं तर खात्री नाही.

"सदाफुलीच्या जिवावर जगतोय, बाई," शिंपी पुटपुटला. "तक्रार कशी करू?"

"अहो, झाडाला तुमची तक्रार कळत नाही आणि उपकारही," बायको म्हणाली. "मला दोन्ही कळतात. मला सांगा."

तो दोन्ही तळवे उताणे ठेवून, अंगठ्यापासून एकेक बोट पुढे करत, कुठवर कळतं आणि कुठून कळत नाही ते सांगू लागला. बाईंकडे नव्हे, तिच्याकडे पाहत.